इंटरव्हलच्या पुढं

"आधी तू खा," किशनराव म्हणाले.

वरणात कुस्करायला मोडलेली भाकरी सिंधूच्या हातातच राहिली. "मी? तुमच्या आधी?"

"हाव. माझ्यादेखत. मला समदं कळायलंय."

काय कळत होतं, ते तिलाही ठाऊक होतं.

किशनरावांना लकवा मारून दीड वर्ष झालं होतं. तहसिलात अव्वल कारकून असताना या माणसानं निम्म्या शिरूर अनंतपाळला उन्हात ताटकळत ठेवलं होतं. आता कूस बदलायची तरी त्यांना बायकोचा हात लागे. दिवसभर बघायला काय, तर पंखा. सिंधूचे दोन्ही पाय धड होते, एवढाच तिच्यात आणि त्यांच्यात फरक. ती दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेली तरी घरातून हाका सुरू होत. नांदेडला लेकीकडं जायचं चारदा ठरलं आणि चारदा मोडलं.

त्या लेकीनं, वर्षाराणीनं, आपला जुना मोबाइल आईला दिला आणि त्यात सिंधूला तो सिनेमा सापडला. काळापांढरा, खुनाचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी उदगीरच्या टॉकीजमध्ये किशनरावांनीच तो दाखवायला नेला होता. अंथरुणाला खिळलेला वकील, त्याची तरणी बायको, आणि रोज त्याच्या दुधात ढवळली जाणारी एक पुडी. त्या वेळी बायकोचा चेहरा दाखवतच नाहीत. चमचा तेवढा पेल्यावर वाजतो, तीनदा. सिंधू खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसली होती. आणि ऐन इंटरव्हलला किशनराव उठले. "चल. बायामाणसांनी बघायचं न्हाई असलं." पुढं काय झालं ते तिला एकेचाळीस वर्षं कळलं नाही. भाजी निवडता निवडता तिनं त्याचे किती शेवट रचले असतील, त्याला गणती नाही.

आता मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ती रोज तो बघे. शेवट कळला की लोक असला सिनेमा सोडून देतात. हिला खरी गोडी तिथूनच लागली. चौथ्या वेळी तिला वकिलाच्या पलंगाखालच्या सपाता दिसल्या. जो माणूस उठत नाही, त्याच्या सपातांना चिखल! "अगं बाई!" ती एकटीच म्हणाली. पुडी औषधाचीच होती. खुनाचा डाव होता तो नवऱ्याचा, बायकोच्या जिवावरचा. बायको वाचते, आणि हातात पिशवी घेऊन गाडीत बसून निघून जाते. गाडी हलते तो तुकडा सिंधू रोज दोनदा बघे.

किशनरावांना यातलं निम्मंच ठाऊक. सैपाकघरातला आवाज खाटेपर्यंत येई, आणि इंटरव्हलला ते आजही ओरडत, "बंद कर ते!" मग ती त्यांच्या दुधात गोळीची पूड ढवळी, त्यांना जेऊ घाली, आणि पुढचा सिनेमा कानात वायर घालून, गार भाकरी खात एकटी बघे. दूध ढवळताना चमचा पेल्यावर वाजायचाच.

कालपासून त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. सकाळी लेकीला फोनवर सांगितलं, "तुझी माय मला मारायली." वर्षाराणी आईवरच चिडली. "आई, बाबा उपाशी राहिले तर मी येऊन मोबाइलच घेऊन जाईन बघ."

दिवसातला तेवढा वेळच काय तो सिंधूचा होता.

"खा म्हणलं की," किशनराव पुन्हा म्हणाले.

सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या हातांनी यांची घाण काढली, त्याच हातांवर हा आळ! तिनं रागानंच भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली. तो गरम होता. आधी सासरा, मग नवरा, मग लेकरं, अशी या घराची रीत. तिच्यापर्यंत येईतो भाकरी वातड झालेली असे. आपल्याच हातच्या भाकरीला अशी चव असते, हे तिला साठीत कळत होतं.

किशनराव तिच्या गळ्याकडं बघत होते. घास उतरला, ती बसल्या जागी जिवंत राहिली, तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं.

मग रोजचंच झालं. आधी ती, मग ते. दुधाचाही पहिला घोट तिचा. त्यांचं पोट भरू लागलं, मोबाइल घरातच राहिला.

नवव्या दिवशी इंटरव्हल झाला, पण खाटेवरून ओरडणं आलं नाही.

"अगं," आवाज अगदी बारीक होता, "पुढं काय होतं गं त्याचं? वाचतो का त्यो?"

ती दारात आली. इतक्या वर्षांत त्यांनी हुकूम पुष्कळ सोडले होते. तिला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, असं मात्र कधी काही विचारलं नव्हतं. पांघरुणाखाली ते मूठभर दिसत होते. तिला कीव आली, खरंच आली. पुडी औषधाची होती, एवढंच सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले.

आत तव्यावर भाकरी टम्म फुगली होती.

"शेवट सांगत नसतेत सिनेमाचा," सिंधू म्हणाली.

तिनं ताट आणलं, स्टूल ओढून बसली. आज त्यांना सांगावं लागलं नाही. तिनं भाकरी मोडली, वाफ जाऊ दिली आणि सावकाश पहिला घास घेतला. मग दुसराही घेतला. किशनराव तोंड उघडून आपली पाळी यायची वाट बघत राहिले.