सशाची कलेजी आणि सुमित्राचं बोट

माझं नेमकं वय विचारू नका मित्रांनो, पण मी बऱ्यापैकी जुनी विळी आहे. सध्या मुक्काम अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावी, एका सिंकखालच्या कपाटात. शेजारी भांड्यांचा साबण आणि उंदरांचा सापळा असतो. त्यांचं माझं फारसं जमत नाही.

माझं पातं कऱ्हाडच्या एका लोहारानं घडवलं. पाट बाभळीचा, आणि डोक्यावर नारळ खवायची दातेरी खवणी. सुमित्राच्या आईनं मला बाजारातून घासाघीस करून घेतलं आणि लेक लग्न होऊन परदेशी निघाली तेव्हा दोन जुन्या साड्यांत गुंडाळून तिच्या बॅगेत घातलं. शिकागोच्या विमानतळावर तपासणीच्या माणसानं मला बाहेर काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. सुमित्राला इंग्रजी सुचेना. ती सरळ जमिनीवर बसली, माझ्या पाटावर पाय ठेवला आणि हवेतल्या हवेत नारळ खवून दाखवला. तो माणूस खो खो हसला आणि त्यानं मला सोडून दिलं.

पहिली काही वर्षं माझा थाट विचारू नका. मंडळाचा गणपती असला की मोदकांसाठी चाळीस-चाळीस नारळ मी एकटीनं खवले आहेत. बायका माझ्यापुढे रांग लावायच्या, आणि पुण्याची, मुंबईची, नागपूरची, जी ती माझी धार बघून माहेरच्या विळीची आठवण काढायची. मग घरात विजेवर चालणारं एक यंत्र आलं. बटण दाबलं की गरगर फिरतं आणि घरभर आवाज करतं. माझी रवानगी सिंकखाली झाली. पण मटण आणि मासे सुमित्रा माझ्यावरच कापायची. हाडाजवळचं नाजूक काम त्या यंत्राला कुठलं जमायला! आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची, त्या दिवशी हे नाजूक कामच मला नडलं.

१९८५ सालचा नोव्हेंबर होता. आमच्या शेजारी वॉल्टर नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ राहायचे. गावाबाहेर तेव्हा मक्याची शेतं होती आणि हंगाम सुरू झाला की ते परवाना काढून तिथे सशांच्या शिकारीला जायचे. सुमित्राचा नवरा पुरुषोत्तम एकदा कुंपणाशी गप्पा मारताना त्यांना म्हणाला होता, की लहानपणी मामाच्या गावी आपण सशाचा रस्सा खाल्ला आहे, तशी चव पुन्हा मिळाली नाही. म्हाताऱ्यानं ते लक्षात ठेवलं. त्या शनिवारी दुपारी त्यांनी एक साफ केलेला ससा पिशवीत घालून आणला. कलेजी मुद्दाम आतच ठेवली होती. त्यांनी पुरुषोत्तमला बजावून सांगितलं, की माझी नजर आता अधू झाली आहे, चांगल्या उजेडात कलेजी नीट बघा. टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले तर ससा आजारी समजायचा, खायचा नाही, आणि तोवर उघड्या हातांनी शिवायचंही नाही.

पुरुषोत्तमनं मान डोलावली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि दहा वर्षांच्या लेकीला, रुपालीला, पोहण्याच्या क्लासहून आणायला निघून गेला. सुमित्रा वर कपड्यांच्या घड्या घालत होती. आल्यावर सांगू, असं त्याला वाटलं असणार.

आता मित्रांनो, तुम्हाला आपल्या बायकांची पद्धत माहीत आहे. मांस घरात आलं की ते धुवायचं आणि लगेच हळद-मीठ चोळायचं, मग बाकीचं जग. सुमित्रा खाली आली, पिशवी उघडली आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून माझ्यासमोर बसली. सशाला हळद, कलेजीला हळद. पाच मिनिटांत सगळं पिवळंधमक. मग तिनं सशाच्या मांड्या माझ्यावर धरल्या. बारीक, निसरडं हाड. माझी धार सटकली आणि तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात गेली. तिनं बोट नळाखाली धरलं, त्यावरही चिमूटभर हळद दाबली, पट्टी बांधली आणि कामाला लागली.

तेवढ्यात पुरुषोत्तम आणि रुपाली आले.

"कलेजी बघितलीस का?" त्यानं विचारलं.

"बघायचं काय त्यात? हळद लावून ठेवलीय."

पुरुषोत्तमचा चेहरा पडला. त्यानं वॉल्टरना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावला, हातमोजे चढवले, कलेजी नळाखाली धरून धरून धुतली. हळद काही निघेना. ठिपके असतील तर तिच्याखालीच होते. शेवटी ते म्हणाले की शंका आहे तर खाऊ नका. त्यांनी ससा दोन पिशव्यांत बांधला आणि ओटा उकळत्या पाण्यानं, मग ब्लीचनं धुवायला लावला. मलाही तशीच अंघोळ घातली. जाताना त्यांनी सुमित्राला विचारलं, हाताला कुठे कापलं वगैरे नाही ना?

तिचा हात पदराखाली होता. "नो, नो," ती म्हणाली.

का म्हणाली? म्हातारा आधीच ओशाळला होता, त्याला आणखी कशाला वाईट वाटू द्यायचं, म्हणून. मी ओट्यावर पडल्या पडल्या सगळं पाहत होते. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

चौथ्या दिवशी सुमित्राला हुडहुडी भरली आणि ताप एकशे तीनवर गेला. पुरुषोत्तमनं लतिकाला फोन केला. लतिका मंडळातली मैत्रीण आणि पेशानं डॉक्टर. घरात कांदासुद्धा चातुर्मासात न आणणारी. ती येणार असली की सुमित्रा फ्रीजमधलं मटण मागच्या कप्प्यात सरकवायची. लतिका कामावरून परस्पर आली, स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून तिनं सुमित्राला तपासलं. रुपाली टेबलाशी गृहपाठ करत होती.

"बोटाला काय झालं?"

"विळीवर कापलं."

"काय कापताना?"

"भाजी," सुमित्रा म्हणाली.

रुपालीनं मान वर केली. "आई, दॅट्स नॉट..."

सुमित्रानं तिच्याकडे असं बघितलं की पोर गप्प झाली. पुरुषोत्तम खिडकीबाहेर बघत राहिला. लतिका म्हणाली, "फ्लू दिसतोय. सध्या सगळीकडे चाललाय. रेस्ट घे, पाणी पी, दोन दिवसांनी फोन कर." तिनं कोट घातला, दारापर्यंत गेली. रुपालीनं पेन्सिल खाली ठेवली होती आणि ती आईकडे नुसती बघत होती. मला वाटलं, आता दार लागणार आणि सगळं संपणार.

"लतिका," सुमित्रानं हाक मारली. "भाजी नव्हती गं. ससा होता. जंगली."

लतिका परत आली, कोट न काढताच खुर्चीवर बसली. तिनं बोटाची पट्टी पुन्हा सोडली, मग सुमित्राच्या काखेत चाचपून पाहिलं. तिथे गाठ आली होती.

"माझ्या ताटात वाढू नकोस, एवढंच," ती म्हणाली. "पण मला सांगायला काय झालं होतं? आजारी सशाचा रोग जखमेतून अंगात शिरतो, त्याला इकडे रॅबिट फीवर म्हणतात. फ्लू समजून आठवडा घालवला असता तर महागात पडलं असतं. पुरुषोत्तम, गाडी काढ, हॉस्पिटलमध्ये चाललोय."

सुमित्राला तिथे ठेवून घेतलं आणि इंजेक्शनं सुरू केली. त्याच संध्याकाळी पुरुषोत्तमनं मला वर्तमानपत्रात बांधलं आणि गॅरेजमध्ये कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. त्याला कुणाचा तरी राग काढायचा होता, आणि मी तक्रार करणारी नव्हते. तिथे थंडीनं माझं पातं बर्फासारखं झालं होतं, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. रोज गाडी जायची, रोज यायची, आणि तिच्यातून दोघंच उतरायची. मी कापलं, माझ्यामुळे झालं, एवढंच मनात घोळायचं. एकदा वॉल्टर आले आणि गॅरेजच्या दारात उभे राहून पुरुषोत्तमला म्हणाले, "तो ससा मला बघून फारसा पळालाच नव्हता. मला वाटलं, म्हातारपणी नेम सुधारला. आजारी होता तो, आणि मी खूश झालो." बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले.

अकराव्या दिवशी गाडी आली. आधी रुपाली उतरली आणि धावत पलीकडच्या बाजूला गेली. दार उघडलं. सुमित्रा स्वतःच्या पायांनी उतरली. वाळली होती ती, थकलेली होती, पण उभी होती. मित्रांनो, मला रडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी मी गंजले असते.

तिची नजर डब्याशेजारच्या पुडक्यावर गेली. "हे काय? विळी टाकताय?"

"तिच्यामुळेच झालं सगळं," पुरुषोत्तम म्हणाला.

"अहो, बोट तिनं कापलं. लपवलं मी." तिनं वाकून मला उचललं आणि घरात नेलं.

तेव्हापासून या घरात नियमच झाला. वॉल्टर त्यानंतर कडाक्याची थंडी पडल्यावरच शिकारीला जायचे, कारण आजारी ससे थंडीत टिकत नाहीत, आणि न पळणाऱ्या सशाच्या वाटेला जायचे नाहीत. ससा आला की सुमित्रा रबरी मोजे घालायची, कलेजी पांढऱ्या बशीत खिडकीशी ठेवायची, आणि सगळे त्या बशीवर वाकायचे. ठिपका नाही अशी खात्री झाल्यावरच मसाल्याचा डबा उघडायचा. मांस हाडापर्यंत शिजेस्तोवर रस्साही खाली उतरायचा नाही. तुम्हीही असंच करा. आणि माझ्यासारख्या धारेच्या वस्तूंशी जपून वागा.

पण एवढं सगळं करूनही कधी हात कापेल. माझ्यासारख्या चुकतात, तुमच्यासारखेही चुकतात. तेव्हा कुणाला वाईट वाटेल, कुणी नाक मुरडेल, याचा विचार करत बसू नका. डॉक्टर दारापर्यंत गेलेला असला तरी हाक मारा. सुमित्रानं मारली, म्हणून रुपालीला आई आहे.