मुकादमाची ओली कबर

गुरुवारी चारला साइट सुटली की अजमानच्या त्या लेबर कॅम्पातली माणसं आंघोळीची रांग सोडून मागच्या मैदानाकडे पळत. पळत म्हणजे खरंच पळत, पुढची जागा मिळावी म्हणून. मैदानाच्या टोकाला मोडक्या कुंपणात अकरा जुन्या कबरी होत्या. वर्षानुवर्षं तिकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. बकऱ्या फिरायच्या, रिकामे डबे पडलेले असायचे. आणि अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात त्यातली एक कबर रडायला लागली.

वाळू कोरडी ठाक, बाकीच्या दहा कबरी कोरड्या, आणि हिच्याच सिमेंटच्या लादीवर पाणी. अर्ध्या लादीवर हिरवी चादर, बाजूला उदबत्त्या, आणि खुर्चीवर इद्रीस. हा महिनाभरापूर्वीपर्यंत कच्च्या रस्त्यांवर धूळ बसवणाऱ्या टँकरवर हेल्पर होता. आता तो इद्रीसबाबा होता, आणि खुर्ची कॅम्प बॉसच्या ऑफिसातून आली होती.

"हात लावा, गरम आहे की नाही?" तो म्हणायचा. "आता चाखा. खारट? साध्या पाण्याला चव असते का भाई? हे हजरत अब्दुल गनी मुकद्दस यांचे अश्रू आहेत. लादीवर नावच लिहिलंय. परदेशात मेलेला वली, अल्लाचा संत, परदेशात राबणाऱ्यांसाठी रडतोय."

सप्टेंबरात अजमानमध्ये दुपारी चारला कुठली वस्तू गरम नसते, हे कोणीच विचारत नव्हतं. तीन-तीन वर्षं घर न बघितलेले गडी त्या शेवटच्या वाक्याला ढसाढसा रडत. हिंदू रडत, मुसलमान रडत, केरळचे रडत, बिहारचे रडत. गर्दीच्या मागे हाताची घडी घालून एकच माणूस कोरड्या डोळ्यांनी उभा असायचा. तो मुरलीधर.

मुरलीधर चिपळूणकडचा. शेजारच्या काँक्रीट प्लांटच्या लॅबमध्ये टेक्निशियन. कॅम्पात इंग्रजी वाचता येणारा आणि औषधांतलं थोडंफार कळणारा तो एकटाच, त्यामुळे नऊ वर्षं सगळा कॅम्प त्याच्या दारात. कोणाचं व्हिसाचं पत्र, कोणाचा ताप, कोणाच्या बायकोची तार. "मुरलीभाऊ, जरा बघा ना" हे ऐकल्याशिवाय त्याचा चहा गोड लागत नसे. आणि आता? आता दारात चिटपाखरू नाही. बिर्याणीचं पहिलं ताट इद्रीसला. पंखा इद्रीसच्या बाजूला. सरळ सांगायचं तर मुरलीधर जळत होता. दहावी नापास टँकरवाला, आणि त्याच्यापुढे माणसं वाकतात म्हणजे काय! अंधश्रद्धेचा राग त्याला होताच, खोटं कशाला बोला. पण खुर्चीचा राग जास्त होता.

सगळ्यात मोठा घाव बाबाजींनी घातला. बाबाजी संगमेश्वरचे, साठीला आलेले सुतार, मुरलीधरच्याच खोलीत राहणारे. त्यांना साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला खिळा लागून जखम झाली होती. रोज सकाळी मुरलीधर ती धुऊन पट्टी बांधायचा आणि समोर उभा राहून गोळी घ्यायला लावायचा. एका सकाळी बाबाजींनी पाय मागे ओढला. म्हणाले, गोळी नको, पट्टीही नको. इद्रीसबाबा म्हणतो, औषध आणि अश्रू एका अंगात राहत नाहीत. अश्रूंची बाटली आणलीय, तीच लावतो. लावल्यावर आग होते, म्हणजे गुण येतोय.

मुरलीधर फक्त म्हणाला, तुमची मर्जी. त्यांची समजूत काढायची, हात जोडायचे, भांडायचं, असं काहीही त्याने केलं नाही. त्याला आधी अपमान वाटला आणि मग काळजी.

शनिवारी तो कबरीवर गेला, नमस्काराला वाकल्याचं सोंग केलं आणि चादरीखाली बोट फिरवलं. नखात पांढरे खडे आले. लॅबमध्ये काचेच्या बशीत ठेवले. त्याचा चहा होईपर्यंत खडे ओले झाले, जेवण होईपर्यंत बशीत पाणी. कॅल्शियम क्लोराइड! हवेतलं बाष्प ओढून स्वतःच विरघळणारं मीठ. कच्च्या रस्त्याची धूळ बसवायला टँकरवाले हेच टाकतात. इद्रीस पहाटे मूठभर पसरायचा आणि दिवसभर समुद्राची दमट हवा त्याचं काम करायची. बस्स, एवढाच चमत्कार.

मुरलीधर लॅबमध्ये एकटाच हसला. त्याच संध्याकाळी त्याने हे सांगायला हवं होतं. बाबाजींना तरी! पण इद्रीसने पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी उरूस जाहीर केला होता. शारजाहून, दुबईहून लोक येणार होते. आत्ता चार जणांत सांगितलं तर इद्रीस काहीतरी थाप मारून सुटेल, असं मुरलीधरने स्वतःला पटवलं. खरं कारण वेगळं होतं. त्याला ती खुर्ची पाचशे माणसांसमोर उलटी करायची होती.

त्याने एकाच माणसाला विश्वासात घेतलं, मुश्ताकला. हा रत्नागिरीचा, स्टाफची व्हॅन चालवायचा, पाच वेळचा नमाजी. त्याला हा प्रकार पहिल्यापासून पटला नव्हता. तो म्हणे, कबरीपाशी मेलेल्यासाठी दुवा मागायची, मेलेल्याकडे नाही. मुश्ताकने विचारलंसुद्धा, बाबाजींचं काय? मुरलीधर म्हणाला, उरुसापर्यंत काही होत नाही.

उरुसाच्या दिवशी मुरलीधर दोन्ही हातांत काँक्रीटचा ठोकळा घेऊन गर्दीतून पुढे गेला. लॅबमध्ये तोडून बघतात तसला, वीतभर लांब-रुंद. तो कबरीशेजारी ठेवला, वर पांढरे खडे पसरले आणि म्हणाला, थांबा. इद्रीसने दम दिला, शाप दिला, कोणीतरी मुरलीधरची कॉलर धरली. मुश्ताक मध्ये उभा राहिला. पाऊण तासात ठोकळा घामेजला, कडेने ओघळ सुटले.

"चाखा," मुरलीधर म्हणाला. "हा ठोकळा मी सोमवारी ओतला. हा कोणता वली?"

पहिल्या रांगेतल्याने बोट लावून चाटलं आणि थुंकला. मुरलीधरने मैदानापलीकडे बोट दाखवलं. "त्या रस्त्यावरून रोज चालता ना? कडक उन्हातही तो ओलसर का असतो, कधी विचारलंत? तिथेही अश्रूच पडतात का?"

मग मुश्ताकने चादर बाजूला केली. खाली सिमेंटमध्ये बोटाने कोरलेली उर्दू अक्षरं होती. त्याने ती सावकाश, सगळ्यांना ऐकू जातील अशी वाचली. मुकद्दस म्हणजे पवित्र, तो म्हणाला, आणि आमचं कोकणातलं आडनाव मुकादम. उर्दूत दोन्हींत शेवटच्या अक्षराचाच फरक, आणि नेमकं तेच अक्षर वाळूने झिजलेलं. पण खालची ओळ शाबूत होती, म्हणून तर तिच्यावर कायम चादर. साखरतर, खलाशी. साखरतर हे रत्नागिरीजवळचं गाव, म्हणजे हे अब्दुल गनी मुकादम. आमच्या आज्याच्या पिढीचे लोक लाँचमधून आले, मुश्ताक म्हणाला. इथे तेव्हा दिवा नव्हता, धक्का नव्हता, कंबरभर पाण्यात उतरून किनारा गाठायचा. ही अकरा जणं तीच. यांना घरच्यांनी शेवटचं बघितलंही नाही. त्याने ओंजळ उघडून दुवा मागितली, आणि बरेच जण त्याच्यामागे उभे राहिले.

खुर्ची उलटली. इद्रीस पळाला. "मुरलीभाऊ, मुरलीभाऊ" झालं. नऊ वर्षांत झालं नव्हतं एवढं झालं, आणि मुरलीधर अर्धा तास त्यात न्हाऊन निघाला. मग त्याच्या ध्यानात आलं, बाबाजी कुठे दिसत नाहीत.

ते खोलीत तापाने फणफणले होते. खोलीत वास भरला होता. मुश्ताकने व्हॅन काढली. दवाखान्यात दोन बोटं कापली, आणि डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर एकही कापावं लागलं नसतं.

तिसऱ्या दिवशी बाबाजी उठून बसले. मुश्ताकने त्यांना सगळं सांगितलं होतं, मीठ, ठोकळा, मुकादम. त्यांनी मुरलीधरला खाटेजवळ बोलावलं.

"तुला हे कधी समजलं रे?"

उरुसाच्या सकाळी म्हणता आलं असतं. आदल्या दिवशी म्हणता आलं असतं.

"उरुसाच्या बारा दिवस आधी," मुरलीधर म्हणाला.

बाबाजींनी पायावरची चादर नीट केली. "त्याने मला फसवलं, ते मी फसलो म्हणून. तू का नाही सांगितलंस?"

 याचं उत्तर तुम्हांआम्हांला ठाऊक आहे.

तेव्हा मंडळी, कबर रडो, मूर्ती दूध पिवो, कोणाच्या अंगात येवो, हात लावून बघा, चाखून बघा, चादर उचलून खालची ओळ वाचा. आणि एकदा कळलं की सांगून टाका, त्याच संध्याकाळी, समोर एकच माणूस असला तरी. ते विज्ञान तुमच्या मोठेपणासाठी नाही, त्याच्या पायासाठी आहे.