चारशे बारा नंबरची खाडी

कमळाकरच्या डोळ्यात देवानं काहीतरी जादा बसवून पाठवलंय, असं रबाळ्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात सगळेच म्हणायचे. त्याचं काम शेड जुळवायचं. तयार रंग पत्र्याच्या बोटभर पट्टीवर ओढायचा, शेजारी नमुन्याची पट्टी धरायची, उत्तरेच्या खिडकीशी जाऊन डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "दोन थेंब काळा." बाकीच्यांना दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणी वाटायच्या. याला त्यातली मोठी कोण ते कळायचं. जुळलं की पट्टीच्या मागं सही. ती सही पडल्याशिवाय रंग डब्यात भरत नसत.

आणि हा माणूस सहा वर्षांमागं बोनकोड्यात गुडघाभर चिखलात भात लावत होता. शेतं सिडकोनं घेतली, कमळाकर कारखान्यात लागला, तिथं कुणीतरी सहज दोन पट्ट्या समोर धरल्या आणि याचं नशीब उघडलं.

माणूस मुळात चाबरा. बायकोच्या तांदळाच्या डब्यात कागदाचा उंदीर ठेव, कारखान्यातल्या बाजीरावच्या सायकलच्या सीटला ओला रंग लाव, हे त्याचे धंदे. उंदीरसुद्धा असा हुबेहूब की काशी ओरडत अंगणात पळाली होती, आणि गावचं मांजर तासभर त्या डब्याशी बसून होतं.

तो उंदीर झाला होता रविवारी. रविवारी जेवणं उरकली की कमळाकर ओटीवर गोणपाट अंथरायचा आणि पोरांना हाक मारायचा. सखू नऊ वर्षांची, सुधीर सहाचा. करवंट्यांत रंग: कपड्यांची नीळ, हळद, गेरू, चुना, चुलीची काजळी, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवलेलं. शिंदीची काडी दगडानं चेचली की ब्रश. कागद म्हणजे कंपनीच्या जुन्या कॅलेंडरांची पाठ. एका रविवारी भेंडीचे ठसे, एका रविवारी शिंपल्यांचे पोपट, कधी रद्दी भिजवून मुखवटे. दोन वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. काशी म्हणायची, "बाकीचं बाप सुट्टीला झोपतान. आमच्याकरं शाला भरतंय."

फक्त एक खोड होती. पोरांचं चित्र झालं की कमळाकर "जरा हात फिरवतो" म्हणायचा. कारखान्यातला डोळा घरी खुंटीला टांगता येत नाही ना. सुधीरनं दुपारी काढलेल्या कोंबडीला तीन पाय असायचे, संध्याकाळपर्यंत दोन व्हायचे. सुधीरला त्याचं काही नव्हतं. सखू मात्र फिरवलेलं चित्र उचलून बापाच्या मांडीवर ठेवायची. "घे. आता ह्या तुजा जाला." कमळाकर हसायचा. त्याला वाटायचं, पोरगी लाडात येते.

चौऱ्याऐंशी साली कंपनीच्या वर्धापनदिनाला कामगारांच्या पोरांची चित्रस्पर्धा ठेवली. विषय, 'माझं गाव'. चित्र घरी काढून आणायचं. सखू दोन रविवार त्यावर बसली. गावची घरं काढली, बांध काढला, बांधावर टोपली. आणि मधोमध तिची आजी, बायजाबाई, चिखलात वाकून निवट्या धरतेय. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो चिकट मासा. चित्रातल्या म्हातारीची पाठ अशी वाकवली होती पोरीनं, की कमळाकरला आपली आई मागून ओळखू आली.

पण खाडी लाल.

"बाय माजे, खारीचा पानी लाल कसा?"

"लालच हाय."

"नीळ सपली काय?"

"नाय. करवंटी भरलेली हाय, बग."

"मंग?"

"बाबा, लाल हाय म्हनून लाल हाय."

कमळाकर गालात हसला. पोराची जात. परवा सुधीरनं हिरवा कुत्रा काढला होता.

दुसऱ्या दिवशी चित्र द्यायचं होतं. सकाळी सखू विहिरीवर गेली होती तेवढ्यात त्यानं निळीची करवंटी घेतली. आधी लाल रंग ओल्या फडक्यानं टिपला, मग वरून निळीत चिमूटभर हळद आणि काजळीचा कण घालून अशी खाडी भरली, की सकाळी आठची भरती डोळ्यासमोर यावी. स्वतःच लांब धरून बघितलं. सही करावीशी वाटली. वाळवलं, गुंडाळलं, डब्याच्या पिशवीत घालून निघाला.

पहिलं बक्षीस सखूला.

मॅनेजरसाहेबांनी मंडपात चित्र वर धरून दाखवलं. काचेची चौकट केली होती. "बघा, मुलीचा रंगांचा सेन्स! वडिलांवर गेली आहे," साहेब म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. सखू स्टेजवर उभी होती, नव्या फ्रॉकात. तिनं चित्राकडे बघितलं. मग खाली बसलेल्या बापाकडे बघितलं. कंपासपेटी घेतली आणि उतरली. चौकट कॅन्टीनमध्ये चहाच्या खिडकीवर लागली.

घरी आल्यावर तिनं कंपासपेटी सुधीरला दिली. उघडूनसुद्धा बघितली नाही.

पुढच्या रविवारी कमळाकरनं गोणपाट अंथरलं, करवंट्या मांडल्या, हाक मारली. सखू दाराच्या आत तांदूळ निवडत होती.

"तुमी काढा," ती म्हणाली. "तुमाना बरा येतंय."

या घरात पोरं बापाला 'तू' म्हणत. तो 'तुमी' कमळाकरच्या कानाखाली बसला.

पण हार मानणारा गडी नव्हता तो. त्या रविवारी त्यानं सखूच्या नाकाचा मुखवटा केला आणि तिच्यासारखं तोंड फुगवून ओटीभर फिरला. सुधीर हसून लोळला. सखू आतच. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं काशीचं चित्र काढलं, मिशांसकट. काशीनं लाटणं फेकून मारलं. सखू आतच. तिसऱ्या रविवारी सुधीरसुद्धा कंटाळून गोट्या खेळायला गेला आणि कमळाकर पाच करवंट्यांसमोर एकटाच बसून राहिला. गेरूवर माशी बसली होती. तिला उडवायचंही त्याला सुचेना. शेत गेलं तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, पण ते गावासोबत वाटलं होतं, पंगतीत बसून जेवल्यासारखं. हे एकट्याचं होतं. पोरगी मोठी होणार, लग्न होऊन जाणार, आणि तिच्या लेखी बाप म्हणजे तिचं चित्र पुसणारा माणूस.

बायजाबाई ओटीच्या कडेला पाय धूत होती. एकदा धुऊन झाले, परत धुवायला घेतले.

"आये, कितींदा धुतंस? अलता लावून कंच्या लग्नाला गेल्तीस?" तो सवयीनं बोलला. हा विनोद तो दोन महिने करत होता. म्हातारीच्या टाचांच्या भेगांत लालसर रेघा असायच्या. निवट्या विकायला बसायची, तिथं कुंकवाबिंकवात पाय पडला असेल, एवढंच त्याच्या डोक्यात.

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "कमल्या, दोन म्हयने हसतस. येकदा तरी इचारलंस, आये, ह्या कशाचा लाल?"

कमळाकरनं गेरूवरची माशी उडवली.

"पोरीना पन इचारलंस नाय. मोटा डोला हाय म्हनं तुजा. खिरकीशी नेऊन बगतस ना पट्टी? मंग माजं पाय खिरकीशी नेऊन बग."

शनिवारी सखूची शाळा सकाळची. दुपारी ती आजीबरोबर खाडीवर जायची. शनिवारी दुपारी कमळाकर कामावर असायचा. जायचा हमरस्त्याच्या फाटकातून, यायचा तिथूनच. त्या शनिवारी त्यानं पोट दुखतंय असा निरोप बाजीरावकडे दिला आणि दोघींच्या मागोमाग बांधावरून चालत निघाला. सखू पुढं बघून चालत होती. बापाचा पाय घसरला तेव्हा मात्र तिनं वळून बघितलं.

ओहोटी लागली होती. चिखल उघडा पडला होता, निवट्या टणाटण उडत होत्या. बांधाला वळसा घालून ते उघाडीपाशी आले. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार, शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. शेतं गेली, पण दार होतं. वरचा नाला आता त्यातूनच यायचा.

"थांब," सखू म्हणाली. "आता येल."

ते थांबले. बगळे होते चार-पाच. मग फळ्यांच्या फटीतून पाणी आलं. आधी मातकट आलं. मग लाल. चिखलात पसरत, फाटे फुटत, बायजाबाईच्या पावलांपर्यंत. बगळे उडून पलीकडे बसले.

कमळाकर खाली बसला. त्याच्या डोळ्यानं त्याला न विचारता आपलं काम केलं होतं. शर्टाच्या खिशात आठवड्याची पट्टी होती, नेहमीच असायची. त्यानं ती काढून ओल्या चिखलावर पाण्याकडेला ठेवली.

चारशे बारा. गेले दोन महिने याच तांबड्याची मोठी ऑर्डर चालू होती. शनिवारी दुपारी टाक्या धुतात, हेही त्याला माहीत होतं. धुतलेलं पाणी कारखान्याच्या भिंतीमागं जातं, हेही माहीत होतं. भिंतीमागं काय आहे, हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं. भिंतीमागं त्याची आई उभी होती.

पट्टी आणि पाणी यांत त्याला फरक दिसला नाही. पाण्यात अर्धा थेंब माती जास्त होती, इतकंच. त्यानं पट्टी उलटली. मागं त्याची सही.

सखू शेजारी येऊन उकिडवी बसली. "लाल हाय ना?"

"हाय, बाय."

"तुना खोटा वाटला."

"मना वाटला, तुना दिसत नाय." त्यानं हात चिखलाला पुसले. "मनाच दिसत नव्हता."

सखू उठून आजीकडे गेली. पण 'तुना' म्हणाली होती.

कारखान्याचा बाजीराव साताऱ्याकडचा, कॅन्टीनमध्ये त्याचा वट. त्याच शनिवारी संध्याकाळी पाळी सुटताना कमळाकरनं त्याला फाटकाशी गाठलं.

"बाज्या, ती चौकट येक दिवस मला पायजे. काच तडकलीय, बदलून आणतो."

"कुटं तडकलीय? कालच फुसली म्या."

"आज तडकली."

बाजीरावनं त्याच्याकडे बघितलं. सायकलच्या सीटचा रंग त्याच्या पँटवरून अजून गेला नव्हता. "कमळ्या, ह्यात काय कांड न्हाय ना तुजं?"

"हाय."

"मंग घिऊन जा," बाजीराव म्हणाला.

रविवारी गोणपाट अंथरलं गेलं. कमळाकरनं चित्र चौकटीतून काढून सखूसमोर ठेवलं, गेरूची करवंटी पुढं सरकवली आणि मध्ये ती पट्टी ठेवली. ब्रश तिच्या हातात दिला. सखूनं गेरू कालवला. पट्टीशेजारी कागदाच्या तुकड्यावर ठिपका दिला, उठली, उजेडाला नेऊन बघितला. डोळे बारीक केले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"काला पायजे."

"किती?"

"दोन थेंब." तिनं काजळी टाकली. "जास्त जाला. हलद दे."

कमळाकर हळद देत गेला, चुना देत गेला. त्याला कळत होतं अजून काय कमी आहे. जीभ दाताखाली धरून बसला. पाचव्या ठिपक्याला पोरीनं बरोबर पकडलं, आणि वर चिमूटभर अंगणातली माती टाकली. ती अर्धा थेंब माती, जी फक्त त्याला दिसली असं त्याला वाटलं होतं.

मग तिनं खाडी भरली. निळ्यावरून लाल, आजीच्या घोट्यांपर्यंत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चौकट जागेवर होती. पहिली दहा मिनिटं कुणाचं लक्ष गेलं नाही. मग टाक्या धुणारा एकजण डबा हातात घेऊन थांबला. त्याच्यामागं दुसरा थांबला.

"आरं," बाजीराव हळूच म्हणाला, "ही तर आपली चारशे बारा."

कुणी हसलं नाही. इथं निम्मे कामगार आजूबाजूच्या गावांतलेच होते, आणि त्यांच्याही आया खाडीवर जात होत्या. चहाच्या खिडकीसमोर गर्दी झाली, म्हणून मॅनेजरसाहेब बघायला आले. बराच वेळ बघत राहिले. रंगातला माणूस होता तोही.

"हे कोणी केलं?"

"जिला तुमी बक्षीस दिलं तिनं, साहेब," कमळाकर म्हणाला. "आधीचं निळं माझं होतं. बक्षीस चुकून मला मिळालं."

"रंग बरोबर आहे, असं म्हणणं आहे तुझं?"

"खिडकीशी नेऊन बघितलाय साहेब. म्हणाल तर मागं सही करून देतो."

साहेब निघून गेले. गुरुवारी बघितलं तर चौकट तिथं नव्हती. भिंतीवर खिळा राहिला आणि चौकोनी पांढरा डाग. जेवताना लोक तिकडे बघायचे. पुढच्या शनिवारी उघाडीतून पाणी लालच आलं. त्याच्या पुढच्या शनिवारी जरा फिकं आलं, असं सखू म्हणाली. तिचा डोळा, म्हणजे असेलच. कमळाकरला केबिनमध्ये बोलावणं आलं नाही, अजून तरी नाही. आता तो रोज जाता-येता भिंतीला वळसा घालून मागं बघायचा.

रविवारी सखूनं स्वतः गोणपाट अंथरलं. कॅलेंडरची नवी पाठ घेतली.

"आज काय काढतंस?" त्यानं विचारलं.

"खिला."

"खिला?"

"तूच सांगलंस ना, भित्तीवर खिला हाय, नि सगली बगतान." तिनं चुन्याची करवंटी ओढली. "नि बाबा, तू हात नाय लावाचा."

कमळाकरनं दोन्ही तळवे मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. सुधीर शेजारी कोंबडी काढत होता. तिला यावेळी चार पाय झाले होते. कमळाकरनं ते मोजले, हात वळवळले, आणि तो अजून जोर देऊन बसला.