नव्वद किलोमीटरची चूक

सकाळी सव्वासातला उजेडातलं पहिलं उपग्रहचित्र पडद्यावर आलं आणि हवामान कार्यालयातल्या बाईंचा चहा हातातच राहिला. पहाटे त्यांनी वादळाचं केंद्र जिथे मांडलं होतं, तिथे ते नव्हतंच! अंधारात उपग्रहाला वरचे जाड ढग तेवढे कळतात. त्यातल्या सगळ्यांत जाड ढगाच्या मधोमध बाईंनी फुली मारली होती. आता उजेडात खरा प्रकार समोर आला. वरच्या वाऱ्याने तो ढग बाजूला ढकलला होता आणि खालचा भोवरा नव्वद किलोमीटर दक्षिणेला, उघडाबोडका, गरगरत होता.

म्हणजे वादळ उत्तरेला नव्हे, दक्षिणेच्या बंदरावर जाणार होतं. आणि बाईंच्याच अंदाजावर विसंबून तिथल्या साठ होड्या दहा वाजता चार दिवसांसाठी समुद्रात निघणार होत्या.

साहेबांनी चित्र पाहून कपाळाला हात लावला. "अहो बाई, केंद्र एका तासात नव्वद किलोमीटर उडी मारतं होय? लोक तोंडात शेण घालतील. दोन-तीन पत्रकांत हळूहळू सरकवू."

तसं केलं असतं तर अब्रू झाकली गेली असती. बाईंनी कधी चूक कबूल केल्याचं पंचवीस वर्षांत त्यांच्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं. पण होड्या काही हळूहळू निघणार नव्हत्या.

"फुली माझी होती, साहेब. चुकली. पत्रकात तसंच लिहिते, माझ्या सहीने."

साहेबांनी पेन पुढे केलं.

बंदरप्रमुखांनी मात्र फोनवर बाईंची बिनपाण्याने हजामत केली. "इथे लख्ख ऊन पडलंय! पहाटे म्हणालात जा, आता म्हणता थांबा. पोरखेळ वाटला का?"

"माझं चुकलं म्हणूनच थांबा म्हणतेय," बाई म्हणाल्या. "हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण होड्या सोडू नका."

दुपारी वरचा वारा पडला, ढग पुन्हा भोवऱ्यावर येऊन बसला आणि वादळाने जोर धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंदरावर आदळलं, बाईंनी त्याच्या वाटेची जी नवी रेघ आखली होती तिच्यापासून जेमतेम सहा किलोमीटरवर. अख्खं कार्यालय उभं राहून टाळ्या पिटत होतं, पण बाईंचा जीव फोनमध्ये अडकला होता.

संध्याकाळी तो वाजला. "धक्का खचला, गोदामाचे पत्रे उडाले," बंदरप्रमुख सांगत होते. "पण माणसं सगळीच्या सगळी घरी आहेत, बाई. नशीब आमचं, तुमची चूक वेळेवर सापडली."

"नशीब कसलं हो? माझी चूक, मीच पकडली!" बाई ओरडल्याच. डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या. उभ्या जन्मात कुठल्या बरोबर उत्तराचाही त्यांना इतका अभिमान वाटला नव्हता.