सगीराचे ओले तळहात

सगीराच्या तळहातांना बारा महिने घाम यायचा. नुसता ओलावा नव्हे, ऐन थंडीतही बोटांवरून थेंब ठिबकायचे. लिहिताना वहीचं पान फाटायचं, खेळताना तिचा हात कुणी धरायचं नाही. ती सातवीत असताना, फेब्रुवारीत, तिचे अब्बा, शौकत, तिला पिशोर गावाहून शहरात, औरंगपुऱ्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं नेऊ लागले. तिथं पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात बुडवून बसायचं, पाण्यातून हलका करंट सोडायचे, हाताला मुंग्या यायच्या. आठवड्यातून तीन खेपा, जीपनं कन्नड आणि पुढं एसटी. नवव्या खेपेनंतर सगीरानं शुद्धलेखनाचं अख्खं पान लिहिलं आणि ते कोरडं राहिलं. अम्मीला तिनं ते तीनदा दाखवलं.

तो मार्च होता. आठवड्याभरात कोरोनानं एसटी बंद, दवाखाना बंद. डॉक्टरीणबाईंनी फोनवर लावायचं औषध सांगितलं, पण कन्नडच्या एकाही मेडिकलात ते मिळालं नाही. रमजान संपेतोवर हात पुन्हा पहिल्यासारखे ठिबकू लागले.

पुढं शाळा मोबाइलवर भरू लागली. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. दाबावं एक उत्तर, उमटावं दुसरंच. चाचणीत वीसपैकी तीन मार्क पडले, तसा वर्गशिक्षक सांडू सरांचा फोन आला.

"पोरी, तू तर लई हुशार. अभ्यास सोडला व्हय?"

"व्हय सर," सगीरा म्हणाली. खरं सांगण्यापेक्षा तेच सोपं होतं.

शौकत दारातच ऐकत उभे होते. पोरगी पहाटेपासून पाठ करत बसली होती, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी फोन घेतला. "सर, खोटं बोलतीय ती." आणि फोन परत तिच्या हातात दिला. "आता तूच सांग, बेटा."

तिनं अडखळत सगळं सांगितलं. दवाखान्याबाहेर कुणा परक्या माणसाला पहिल्यांदाच.

"मला वाटायचं, तू वह्या मुद्दाम भिजवतीस," सर म्हणाले. "चुकलं माझं." त्या दिवसापासून ते तिची चाचणी फोनवर तोंडी घेऊ लागले.

दवाखान्यात जायला जानेवारी उजाडला. इतका खंड पडल्यानं उपचार पुन्हा पहिल्यापासून. टेबलावरच्या रजिस्टरात घामाच्या त्रासाची अकरा मुलं होती.

"यातली किती आली?" सगीरानं विचारलं.

"तुझ्यासकट चार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांचे वडील कोरोनात गेले. बाकीच्यांचे फोन लागत नाहीत."

सगीरानं नावं वाचली. फुलंब्रीची एक मुलगी नऊ वर्षांची होती.

"पुन्हा लावून बघा ना."

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना पुन्हा फोन लावले. फुलंब्रीचा तेवढा लागला. पुढच्या सोमवारी ती मुलगी आली, हात ओढणीत गुंडाळून, आईला चिकटून. सगीरानं तिला शेजारी बसवून घेतलं. बाकीची सहा मुलं त्या वर्षी आलीच नाहीत.