पडवीत ठेवलेली लस

मित्रांनो, तुमच्या घरचा फ्रीज वस्तू गार ठेवतो. माझं निम्मं काम त्याच्या उलट आहे. बाहेर उणे अठ्ठावीस अंश असतात तेव्हा पोटातली एकही बाटली गोठू नये म्हणून मी धडपडत असतो. दोन अंशांच्या खाली नाही आणि आठच्या वर नाही, एवढंच माझं जग. मी अलास्कातल्या, कुस्कोक्विम नदीकाठच्या एका लहान दवाखान्यातला लसींचा फ्रीज आहे आणि आता म्हातारा झालो आहे.

सोळा वर्षांपूर्वी मी इथे आलो तो बटाट्याच्या पोत्यांशेजारी, एका छोट्या विमानातून. आमच्या गावाला रस्ता नाही आणि दवाखान्यात डॉक्टर नाही. गावातलीच फेनिया ही आरोग्यसेविका आहे. ती दूरच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना फोनवर विचारून गावाला औषध देते. सकाळ-संध्याकाळ माझ्या दारावरचा आकडा वहीत लिहिते आणि जाताना माझ्यावर एक थाप मारते. सोळा वर्षांत मला मिळालेलं कौतुक म्हणजे ती थाप. लहान मुलं मला पाहून रडतात, कारण सुया माझ्याच पोटातून येतात असं त्यांना वाटतं. दाराचं रबर सैल झालं आहे. नव्या रबराची मागणी तीनदा गेली, पण रबर काही आलं नाही.

दवाखान्याची राखण एव्हन आपा करतात. आपा म्हणजे आजोबा. ते शेगडीत तेल घालतात, पायऱ्यांवरचा बर्फ काढतात आणि सगळ्यांची थट्टा करतात. गेल्या वर्षी त्यांची बायको मात्रोना वारली. या हिवाळ्यात त्यांच्या नातसुनेला मुलगी झाली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात आणि बाळाला त्याच नात्यानं वागवतात. बाळ मात्रोना झालं. आपा त्याला मांडीवर घेऊन म्हणायचे, "काय गं म्हातारे, आलीस ना परत? दात मात्र सगळे तिकडेच ठेवून आलीस!"

बाळ तीन आठवडे आधी जन्मलं होतं. डांग्या खोकल्याची, गरोदरपणात घ्यायची लस त्याच्या आईची राहून गेली होती. बाळाची स्वतःची या रोगाची पहिली लस दोन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर त्याला एकच संरक्षण होतं, घरातल्या बाकीच्यांनी टोचून घेण्याचं.

जानेवारीत खालच्या गावात डांग्या खोकला निघाला. त्याच गावात तीन आठवड्यांनी शाळांचे बास्केटबॉलचे सामने होते. फेनिया हादरली. सातवीच्या मुलांची लस सप्टेंबरातच व्हायची होती. डांग्या खोकल्याची, मेंदूज्वराची, आणि मोठेपणी होणाऱ्या काही कर्करोगांपासून वाचवणारी. पण संमतीचे कागद मुलांच्या दप्तरांत पडून होते. आपांची तेरा वर्षांची नात ॲग्नेस, हिचा कागद तर त्यांच्याच घरी घड्याळामागे होता. "एवढे सामने होऊ देत," असं आपाच म्हणाले होते.

फेनिया घरोघरी गेली. रोज संध्याकाळी गावच्या रेडिओवर, जो प्रत्येक स्वयंपाकघरात चालू असतो आणि ज्यावर कुणालाही बोलता येतं, ती बोलायची. "अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. शुक्रवारी दवाखान्यात लस आहे, चुकवू नका."

ॲग्नेस दवाखान्यात येऊन म्हणाली, "काकू, हात दुखला तर बॉल कोण टाकणार? तुम्ही?"

"मी टाकला असता तर गेल्या वर्षी हरलो नसतो," फेनिया म्हणाली. "कागद आण."

तेवीस कागद जमले. माझ्या फळ्या भरल्या. मला फार अभिमान वाटत होता.

गुरुवारी दुपारी वादळ सुरू झालं आणि गावचं वीजघर बंद पडलं. फेनिया नदीपलीकडे एका जखमी माणसापाशी होती. दवाखान्यात आपा एकटेच होते. ते माझ्यासमोर उभे राहिले. माझा आवाज थांबलेला त्यांना ऐकू आला.

मित्रांनो, त्यांनी जे केलं ते आमच्या गावात प्रत्येक माणूस करतो. वीज गेली की फ्रीजमधलं मांस, मासे, सगळं बाहेरच्या थंड पडवीत नेऊन ठेवायचं. खराब होत नाही. आपांनी माझं दार उघडलं. एकेक खोका छातीशी धरून पडवीत नेला, कुत्री येतील म्हणून वर ताडपत्री घातली आणि तिच्या कडांवर लाकडं ठेवली. दार बंद ठेवलं असतं तर सैल रबरानिशीही मी तीन तास निभावलं असतं. पण मला तोंड नाही.

तीन तासांनी वीज आली. फेनिया आली तेव्हा आपा हसत म्हणाले, "काळजी करू नकोस पोरी. सगळं वाचवलंय."

फेनिया पडवीत गेली. बाटल्यांत बर्फ झाला होता. तिनं खोके आत टेबलावर आणले.

"वितळतंय बघ," आपा म्हणाले. "वितळलं की झालं. आता कशाला तोंड पाडतेस?"

थोड्या वेळानं बाटल्या खरोखरच पहिल्यासारख्या दिसू लागल्या. खरं सांगतो, त्या घडीला फेनिया गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. तेवीस कागद मिनतवाऱ्या करून आणले होते. वादळात विमान येणार नव्हतं. तिनं एक बाटली उचलली. मग तिनं ती जोरात हलवली आणि टेबलावर ठेवली. काही मिनिटांत तळाशी पांढरे कण बसले.

"गोठली की तिच्यातला औषधाचा गुण जातो, आपा. ही टोचली तर मुलांचा हात दुखेल, पण खोकला थांबणार नाही. आणि सगळे समजतील की आपण सुरक्षित आहोत."

आपा त्या कणांकडे बघत राहिले. "मासा गोठला तरी मासाच राहतो," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी रेडिओ हातात घेतला. "मी एव्हन बोलतोय. उद्याची लस मी नासवली. फेनियाला कुणी बोलू नका. नवी येईपर्यंत ज्याला खोकला असेल त्यानं माझ्या घरी पाऊल टाकू नये. मात्रोना लहान आहे."

 रेडिओवरूनच एक बाई म्हणाली, "ऐकलं, आपा."

वादळ पाच दिवस राहिलं. चौथ्या दिवशी ॲग्नेस खोकायला लागली. आपांच्या घरी खालच्या गावाहून पाहुणे येऊन गेले होते ते वादळाच्या आधीच.

सहाव्या दिवशी विमान आलं. त्यातून नव्या लसींचा खोका उतरला आणि त्याच विमानात मात्रोनाला चढवलं. ती खोकत नव्हती. ती मध्येच श्वास घ्यायची थांबायची आणि निळी पडायची. तिची आई बरोबर गेली. आपांना जागा नव्हती.

ते दवाखान्यात आले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. "माझ्यामुळे," एवढंच म्हणाले.

फेनियानं त्यांना खोटं सांगितलं नाही. "शुक्रवारी टोचली असती तरी ॲग्नेसला खोकला झालाच असता. तिला आधीच लागण झाली होती. तुमची चूक तीन तासांची आहे, आपा. कागद सप्टेंबरापासून पडून होते. ती चूक तुमची, माझी, सगळ्या गावाची."

"मग मला टोच," आपा म्हणाले आणि बाही वर करू लागले. बाहीचं बटण फेनियानं काढलं. त्यांच्यामागे त्या दिवशी बावीस मुलं टोचून घेऊन गेली. ॲग्नेस औषध घेत घरी वेगळी होती. सामने रद्द झाले. कुणी कुरकुर केली नाही.

मात्रोनाला नेल्याचा आज नववा दिवस. इस्पितळातून रोज सकाळी फोन येतो. मात्रोनाच्या नाकात नळी आहे. काल तिचा श्वास दोनदा थांबला, परवा पाचदा. फेनिया हे आकडेही आता माझ्या वहीत, माझ्याच आकड्याखाली लिहिते.

मित्रांनो, मी तुमच्याकडे काही मोठं मागत नाही. शाळेतून आलेला लसीचा कागद त्याच दिवशी घरच्यांच्या हातात द्या. तुमची पाळी आली की बाही वर करा. तुमच्या घरात, शेजारात कुणीतरी इतकं लहान असतं की त्याला स्वतःची पाळी येईपर्यंत तुमच्याच भरवशावर जगायचं असतं. आणि माझ्यासारखा एखादा फ्रीज बंद पडला, तर त्याचं दार उघडू नका, ज्याला कळतं त्याला हाक मारा.

काल फेनियानं माझ्या मधल्या फळीवर एक खोका ठेवला. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं आहे, मात्रोना, दोन महिन्यांची. अजून चोवीस दिवस आहेत. आपा तासातासाला येतात, दारावरचा आकडा वाचतात आणि निघून जातात. आत्ता पाच अंश आहेत. मी तिची लस सांभाळतो आहे.