आमचं काय, अगदीच साधं

ज्या मुलांच्या घरी संध्याकाळी कुणी नसतं, त्यांना आम्ही दर शुक्रवारी जेवू घालतो. आमच्या फुसाएसान स्वयंपाक करतात, मी कांदे चिरते. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर फ्रिजने मान टाकली. नवा नाही आला, तर मासे-अंडी ठेवायची कुठे? म्हणजे जेवणच बंद.

एका मदतनिधीकडे फ्रिजच्या पैशांसाठी अर्ज केला. तो मी लिहिला. त्यात आमचं कौतुक होतं, म्हणून फुसाएसाननी तो वाचायलाच नकार दिला.

निवडीच्या दिवशी सभागृहात प्रत्येक संस्थेने आपलं काम सांगायचं होतं. आमच्या आधी इनुईसान उभे राहिले. ते मुलांची मोडकी खेळणी फुकट दुरुस्त करतात. म्हणाले, आम्ही रिकामटेकडे म्हातारे, वेळ जात नाही म्हणून स्क्रू पिळत बसतो, चुकून एखादं खेळणं चालूही होतं. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं.

मग फुसाएसान. आठवडाभर मी त्यांच्याकडून भाषण घोकून घेतलं होतं. त्यांनी कमरेत वाकून सांगितलं की आमचं जेवण अगदीच साधं, मुलं बिचारी भिडेखातर खातात. मी डोळे मिटून घेतले.

"मग आम्ही पैसे का द्यावेत?" बाईंनी विचारलं.

"खरंच की," फुसाएसान म्हणाल्या.

मागे खुर्ची करकरली. इनुईसान उठले होते.

"खोटं बोलतायत या. माझा नातू घरात कुणाशी बोलायचा नाही. यांच्याकडे तो दुसऱ्यांदा भात मागतो. मोठ्यानं मागतो."

फुसाएसान कानापर्यंत लाल झाल्या. "आणि तुम्ही हो? आमच्याकडे जेवायला येणाऱ्या मिओच्या खेळण्यातल्या सशात तिच्या गेलेल्या आईचा आवाज भरलेला होता. तो बंद पडल्यावर सशाला पुन्हा बोलतं कुणी केलं? चुकून म्हणे!"

दोघं असे भांडत होते, जणू एकमेकांच्या चोऱ्या उघड करतायत. मी मध्ये पडायला निघाले, तर परीक्षक बाईंनी हातानेच मला बसवलं आणि नवा कागद घेतला.

पैसे दोघांनाही मिळाले. नवा फ्रिज आला त्या शुक्रवारी इनुईसान नातवाबरोबर पहिल्यांदाच जेवायला आले. करी-भाताचा घास घेऊन बराच वेळ चावत राहिले.

"सभेत बोललो तितकं काही खास नाही हं," ते म्हणाले.

"बघा, मी तेच तर सांगत होते," फुसाएसान म्हणाल्या, आणि खुशीत त्यांच्या ताटात आणखी एक डाव वाढला.